त्सुनामीत पायी बाहेर पडण्याच्या वेळेचं मॉडेल: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

किनाऱ्यालगतच्या वस्तीतल्या लोकांना लाट येण्याआधी पायी उंचावर पोहोचायला किती वेळ लागेल, याचा नकाशा काढणं आता सोपं झालं आहे. क्यूजीआयएस आणि ग्रास ही नकाशे बनवायची सॉफ्टवेअर मोफत आहेत, रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून उतरवता येतात, उंचीचा डेटाही मिळतो. एका दुपारी लाल-पिवळा-हिरवा नकाशा तयार होतो. तो बरोबर आहे का, हे मात्र त्याच्याकडे पाहून कळत नाही. चढ उलट्या दिशेने मोजलेला असो, पुलावरची माणसं नदीपात्रातून चालवलेली असोत, की सगळे लोक हादरा बसताक्षणी निघाले असं धरलेलं असो, रंग तितकेच छान दिसतात. अशा नकाशावरून कोणी शाळेची सुटकेची वाट ठरवली, तर चूक फार महागात पडते.

पुढचं सगळं जीआयएसची, म्हणजे संगणकावर नकाशे हाताळण्याच्या तंत्राची, तोंडओळख असलेल्यांसाठी आहे. टप्प्यांचा क्रम मोडू नका. गणित चालवणं चौथ्या टप्प्यावर येतं, आणि खरं काम त्याच्या आधीच्या तीन टप्प्यांत आहे. एक गोष्ट सुरुवातीपासून ध्यानात असू द्या: जमिनीचे छोटे चौकोन (सेल) पाडून सेलमागून सेल मोजत जाणारं मॉडेल जो वेळ देतं, तो किमान वेळ असतो. सर्वांत जवळची वाट माहीत असलेला, कुठेही न थांबणारा, गर्दी न लागलेला माणूस घेईल तेवढा. लोक खरोखर घेतील तो वेळ यापेक्षा जास्तच असणार.

## टप्पा १: आधी घड्याळ मांडा

बहुतेक जण अंतरापासून सुरुवात करतात. सुरुवात वेळेपासून करायची असते. कागदावर एवढंच लिहा:

चालायला मिळणारा वेळ = लाट किनाऱ्यावर पोहोचण्याचा वेळ − हादरे थांबेपर्यंतचा वेळ − धोका कळून घराबाहेर पडेपर्यंतचा वेळ

पहिला आकडा भूकंपाच्या उगमावर अवलंबून असतो. १९९३ मध्ये जपानच्या ओकुशिरी बेटाच्या काही भागांत लाट पाच मिनिटांच्या आत पोहोचली. २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या पालू इथेही हातात काही मिनिटंच होती. याउलट २००४ मध्ये सुमात्राजवळच्या भूकंपानंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट यायला दोन तासांहून अधिक वेळ गेला. दूरच्या उगमासाठी चालण्याचा वेग हा कळीचा प्रश्न नसतो, तिथे इशारा पोहोचतो की नाही हा प्रश्न असतो. म्हणून मॉडेल सर्वांत जवळच्या संभाव्य उगमासाठी करा. दोन्ही उगम एकाच नकाशात मिसळू नका.

एक उदाहरण घेऊ. लाट २५ मिनिटांत येणार, हादरे ३ मिनिटं चालणार, लोकांना बाहेर पडायला ७ मिनिटं लागणार. उरले १५. सावकाश चालणारा माणूस सेकंदाला १.१ मीटर जातो, म्हणजे तो जास्तीत जास्त ९९० मीटर गाठेल. हेच गणित पूर्ण २५ मिनिटं धरून केलं तर १,६५० मीटर येतं. त्या ६६० मीटरच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसांना तुमचा नकाशा 'सुरक्षित' म्हणतो आणि ती पोहोचत नाहीत.

सावधान: 'बाहेर पडेपर्यंतचा वेळ' शून्य धरू नका. २०११ च्या तोहोकू त्सुनामीनंतर जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाने वाचलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा सुमारे ५७ टक्के लगेच निघाले होते, ३१ टक्के काहीतरी काम उरकून निघाले आणि ११ टक्के लाट अगदी जवळ आल्यावर. हे वाचलेल्यांचे आकडे आहेत. जे गेले त्यांना कोणी विचारू शकलं नाही, म्हणून उशिरा निघणाऱ्यांचं खरं प्रमाण याहून जास्तच धरायला हवं.

## टप्पा २: पाणी कुठवर येईल आणि 'सुरक्षित' म्हणजे कुठे

समुद्रसपाटीपासून १० मीटरची रेषा काढून तिच्या वर सगळं सुरक्षित, ही सोय मोडीत काढा. पाणी अरुंद खाडीत चढतं, नदीपात्रातून आत घुसतं, उतारावर किनाऱ्यावरच्या लाटेच्या उंचीपेक्षाही वर जातं. जलगतिकीय मॉडेलवरून, म्हणजे पाण्याची हालचाल मोजणाऱ्या मॉडेलवरून, काढलेला बुडीत पट्टा मिळवा, आणि तोही शक्य असलेल्या सर्वांत मोठ्या घटनेचा. हाती दोन-तीन अंदाज असतील तर मोठा घ्या.

जपानच्या इशिनोमाकीतली ओकावा प्राथमिक शाळा नदीच्या मुखापासून सुमारे चार किलोमीटर आत होती आणि शहराच्या धोका-नकाशात बुडीत पट्ट्याच्या बाहेर होती. ११ मार्च २०११ ला तिथली ७४ मुलं आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले. शाळेच्या मागेच टेकडी होती. नकाशावरच्या रेषेला भिंत समजू नये, याचं याहून ठळक उदाहरण माझ्याकडे नाही. म्हणून रेषेच्या बाहेर आणखी एक पट्टा राखीव ठेवा आणि 'पोहोचला' हे त्या पट्ट्याच्या पलीकडे गेल्यावरच धरा.

आता सुरक्षित जागांची छाननी करा:

- बुडीत पट्ट्यात बेटासारखे उरलेले छोटे उंचवटे आपोआप 'सुरक्षित' होतात. त्यातले बरेचसे म्हणजे कचऱ्याचा ढीग, रस्त्याचा भराव किंवा उंचीच्या डेटातला गोंधळ. माणसं मावतील आणि काही तास थांबू शकतील एवढेच ठेवा, बाकीचे पुसा.
- सुरक्षित क्षेत्राची संपूर्ण सीमा 'दार' म्हणून वापरू नका. सीमा कड्याच्या पायथ्याशी असेल तर मॉडेल माणसाला कड्याला नेऊन चिकटवतं आणि पोहोचला म्हणतं. रस्ता, पायवाट किंवा पायऱ्या जिथे सीमा ओलांडतात, ते बिंदू हाताने टिपा आणि तेच गंतव्य म्हणून द्या.
- उंच इमारत आसरा म्हणून धरत असाल तर तीन गोष्टी कळायला हव्यात: ती हादऱ्यांत टिकेल का, रात्री तिचं दार उघडं असतं का आणि वर किती माणसं मावतील. अमेरिकेतल्या फेमा या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या अशा इमारतींसाठीच्या मार्गदर्शिकेत माणशी साधारण एक चौरस मीटर जागा धरतात. गच्ची ३०० चौरस मीटरची असेल तर तिथे हजार माणसं पाठवणारं मॉडेल चूक आहे.

सावधान: लोकांना सवयीची असलेली जागा आणि अधिकृत सुरक्षित जागा एकच आहे का ते पाहा. कामाइशी शहरातल्या उनोसुमाई भागात सरावासाठी वापरलं जाणारं आपत्ती-निवारण केंद्र त्सुनामीसाठी ठरवलेली जागा नव्हतं. २०११ मध्ये अनेक जण तिथेच धावले आणि तिथेच बुडाले.

## टप्पा ३: जमीन चालण्याजोगी करून घ्या

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. इथली एक चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरते.

उंचीचा डेटा. जगभर मोफत मिळणारे ३० मीटरचे डेटासेट या कामाला पुरत नाहीत. कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचा ३० मीटरचा डेटा झाडं आणि इमारतींच्या माथ्याची उंची धरतो, जमिनीची नव्हे. परिणामी सपाट गल्ली मॉडेलला डोंगराळ दिसते. लायडारचा (लेझरने मोजलेला), फक्त जमिनीची उंची देणारा डेटा मिळवा. तो नसेल तर मॉडेल करा, पण निकाल गल्लीच्या पातळीवर वाचू नका.

सेलचा आकार. तीन मीटर रुंद बोळ १० मीटरच्या सेलमध्ये नाहीसा होतो, नाहीतर शेजारच्या घरांसकट 'रस्ता' बनतो. दाट वस्तीसाठी १ ते २ मीटर, विरळ वस्तीसाठी ५ मीटर. त्यापेक्षा जाड सेल घेऊ नका.

पूल. जमिनीच्या उंचीच्या डेटात पुलाचा पृष्ठभाग काढून टाकलेला असतो. त्यामुळे पुलाच्या जागी नदीचा तळ असतो. मॉडेलमधला माणूस पुलावर येतो, पात्रात उतरतो आणि समोरचा काठ चढतो. कधी पाण्यामुळे वाटच तुटते आणि अख्खी वस्ती 'पोहोचू शकत नाही' अशी दिसते. प्रत्येक पुलाचे दोन्ही टोकांचे उंचीचे आकडे घ्या, मधल्या सेलमध्ये सरळ रेषेत भरा आणि भूवापराच्या लेअरमध्ये तिथे 'रस्ता' लिहा. उड्डाणपूल आणि खालून जाणारा रस्ता एकमेकांवर असतील तर रास्टरमध्ये, म्हणजे दर सेलला एकच आकडा असलेल्या जाळीत, दोन्ही मावत नाहीत. माणसं ज्यावरून जातील तो ठेवा.

अडथळे. इमारती, पाणी, न ओलांडता येणारी कुंपणं आणि भिंती यांना वेग शून्य, म्हणजे तो सेल बंद. इथे एक बारीक गळती आहे. कुंपण रास्टरमध्ये उतरवलं की तिरक्या जागी सेल फक्त कोपऱ्याला कोपरा लावून उभे राहतात, आणि आठ दिशांना चालणारं मॉडेल त्या कोपऱ्यातून आरपार जातं. कुंपणाच्या रेषेला एक सेल रुंदीचा बफर देऊन मगच उतरवा. ग्रासमध्ये बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीचा पर्याय असतो. तो चालू केला तर एका सेलची भिंत ओलांडली जाऊ शकते, म्हणून अडथळे दाट असतील तिथे तो बंदच बरा.

तपासणी: चार-पाच ठिकाणी चाचणीचे बिंदू ठेवा: भिंतीच्या दोन बाजूंना, नदीच्या दोन काठांना, रेल्वेरुळांच्या दोन बाजूंना. किमान वेळेची वाट काढा आणि ती रेषा उपग्रहचित्रावर टाकून पाहा. घरातून, तलावातून किंवा बंद फाटकातून गेली असेल तर पुढे जाऊ नका, इथेच दुरुस्त करा.

## टप्पा ४: वेग, चढ आणि दिशा, मग गणित

मूळ वेग. एकच सरासरी वेग घेऊन थांबू नका. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या कामात सावकाश चालण्यासाठी सेकंदाला १.१ मीटर, भराभर चालण्यासाठी १.५२ आणि हळू धावण्यासाठी १.७९ मीटर असे वेग वापरले जातात. फेमाची मार्गदर्शिका चालायला त्रास असलेल्यांसाठी ताशी दोन मैल, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.८९ मीटर धरते. मुख्य नकाशा १.१ चा करा आणि ०.८९ चा दुसरा करा. धावण्याचा वेग मुख्य नकाशात वापरू नका. अंधारात, हादऱ्यांनंतर, मूल कडेवर घेऊन पाऊण किलोमीटर कोणी धावत नाही.

जमिनीचा प्रकार. सोल आणि गोल्डमन यांनी १९७२ मध्ये मोजलेले चालायला लागणाऱ्या ऊर्जेचे गुणांक आजही वापरात आहेत: डांबरी रस्ता १.०, मातीचा रस्ता १.१, विरळ झुडपं १.२, दाट झुडपं १.५, दलदल १.८, सैल वाळू २.१. वेग काढताना मूळ वेगाला गुणांकाने भागतात. म्हणजे १.१ ने चालणारा माणूस सैल वाळूत ०.५२ ने चालतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या माणसासाठी पहिले दोनशे मीटर याच वेगाने जातात, आणि नेमके तेच मीटर मॉडेलमध्ये बहुतेक वेळा 'रस्ता' म्हणून नोंदलेले असतात.

चढाचं सूत्र. दोन प्रचलित आहेत. टॉब्लरचं सूत्र, ताशी वेग = ६ × ई चा घात (−३.५ × |उतार + ०.०५|) (इथे उतार म्हणजे चढलेली उंची भागिले अंतर, उतरताना तो ऋण), सपाटीवर ताशी ५.०४ किलोमीटर देतं आणि किंचित उतारावर सर्वाधिक ६. ग्रासमधलं 'आर.वॉक' वेगळं चालतं: मूळ स्थितीत सपाटीवर मीटरला ०.७२ सेकंद, वर चढलेल्या प्रत्येक मीटरला आणखी ६ सेकंद, आणि सौम्य उतारावर उतरलेल्या प्रत्येक मीटरला सुमारे २ सेकंद वजा.

दोन्हींचं उत्तर सारखं येत नाही. २०० मीटर लांबीची, ४० मीटर चढणारी गल्ली घ्या. टॉब्लरने सुमारे २८८ सेकंद येतात, आर.वॉकने ३८४. दीड मिनिटाहून जास्त फरक. कोणतं वापरलं ते अहवालात लिहा, आणि दोन गावांची तुलना करायची असेल तर सूत्र बदलू नका.

दिशा. या कामातली सर्वांत घातक चूक हीच. प्रत्येक घरापासून सुरक्षित जागेपर्यंत वेगळं गणित चालवणं फार वेळखाऊ, म्हणून सगळे सुरक्षित जागेपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने वेळ मोजतात. इथपर्यंत ठीक. पण मग सॉफ्टवेअर माणसाला डोंगरावरून समुद्राकडे उतरवतं, आणि आपल्याला हवा असतो तो चढण्याचा वेळ. वरच्याच गल्लीत आर.वॉकने उलटी दिशा घेतली तर ३८४ च्या जागी ६४ सेकंद येतात. सहापट कमी! नकाशा हिरवागार होतो आणि सगळे खूश होतात.

उपाय एका ओळीचा आहे. गणित चालवण्याआधी उंचीच्या रास्टरला −१ ने गुणा. डोंगर खड्डा होतो, समुद्र उंच होतो, आणि सुरक्षित जागेपासून बाहेर जाताना मोजलेला चढ हाच घरातून निघालेल्या माणसाचा चढ ठरतो. सुरुवातीचे बिंदू मात्र तेच राहतात.

आर.वॉकमधली फ्रिक्शनची गफलत. फ्रिक्शनचं, म्हणजे जमिनीच्या प्रकारामुळे लागणाऱ्या जादा वेळेचं, रास्टर इथे गुणलं जात नाही, बेरजेत जातं, आणि त्याचं एकक सेकंद प्रति मीटर असतं. हे न कळल्याने लोक थेट गुणांक भरतात: रस्त्याला १, वाळूला २.१. मूळ वेग १.१ असेल तर सपाटीचा मूळ वेळ मीटरला ०.९१ सेकंद. त्यात रस्त्याचा १ मिळवला की १.९१ सेकंद, म्हणजे डांबरी रस्त्यावर ०.५२ चा वेग. रस्त्यालाच वाळूचा वेग मिळाला, आणि वाळूचा त्याहून खाली, ०.३३ वर गेला.

बरोबर पद्धत: फ्रिक्शन = मूळ वेळ × (गुणांक − १). रस्त्याला ०, दाट झुडपांना ०.४६, सैल वाळूला १.०. अडथळ्यांना मोठा आकडा न देता रिकामा सेल द्या. मोठा आकडा दिला तर दुसरी वाट नसताना मॉडेल भिंतीतून जातंच. आणि १.१ चा वेग हवा असेल तर सूत्रातला पहिला गुणांक ०.७२ वरून ०.९१ करायला विसरू नका.

तपासणी: तीन वाटा निवडा: एक सपाट, एक चढाची, एक वाळूतून जाणारी. वहीत हाताने वेळ काढा आणि रास्टरवरच्या आकड्याशी ताडून पाहा. काही सेकंदांचा फरक सेलच्या आकारामुळे पडतो. दुप्पट-निम्मा पडला तर वरच्यापैकी एक चूक झाली आहे.

## टप्पा ५: माणसं कुठे आहेत ते बसवा

वेळेचा रास्टर जमिनीबद्दल सांगतो, माणसांबद्दल नाही. जनगणनेचा आकडा प्रभागभर सारखा पसरवू नका. प्रभागात डोंगर, मिठागरं आणि तलावही असतात. आकडा राहत्या इमारतींवर वाटा, शक्य असेल तर मजल्यांच्या प्रमाणात.

मग दोन वेगळे लेअर करा, रात्रीचा आणि दिवसाचा. दिवसा माणसं शाळांत, बाजारात, बंदरावर असतात. पर्यटनाच्या हंगामात किनाऱ्यावरच्या माणसांची घरं गावात नसतातच, त्यामुळे ती जनगणनेत सापडणार नाहीत. रुग्णालय, वृद्धाश्रम, पाळणाघर आणि तुरुंग यांना वेगळे बिंदू करा. तिथली माणसं स्वतःहून निघत नाहीत, त्यांना काढावं लागतं.

निकाल सरासरीत देऊ नका. 'सरासरी वेळ ११ मिनिटं' या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही. आडव्या अक्षावर मिनिटं आणि उभ्या अक्षावर अजून धोक्यात असलेली माणसं असा आलेख काढा. पहिल्या टप्प्यात आलेल्या १५ मिनिटांवर उभी रेघ मारा. रेघेच्या उजवीकडे उरलेली माणसं कोण, आणि कोणत्या वाड्यांमधली, हाच तुमच्या कामाचा निकाल.

## टप्पा ६: गर्दी आणि उशीर

आतापर्यंतच्या गणितात प्रत्येक जण एकटा चालला. गर्दीसाठी लगेच एजंट-बेस्ड मॉडेलकडे, म्हणजे प्रत्येक माणूस (एजंट) वेगळा चालवणाऱ्या मॉडेलकडे, धावायची गरज नसते, आधी हाताने चाळणी करा. वाइडमान यांच्या १९९३ च्या आकड्यांनुसार मोकळ्यावर माणूस सेकंदाला १.३४ मीटर चालतो आणि दर चौरस मीटरला ५.४ माणसं झाली की हालचाल थांबते. वाटेच्या दर मीटर रुंदीतून सेकंदाला जास्तीत जास्त सव्वाएक माणूस जातो. हिशेबाला १.२ धरा.

म्हणजे तीन मीटरच्या पुलावरून मिनिटाला २१६ माणसं. मॉडेल त्या पुलावरून २,६०० माणसं नेत असेल तर एकट्या पुलाला १२ मिनिटं लागतात. उपलब्ध वेळ १५ मिनिटं आहे, आणि लोक पुलाशी पोहोचायलाच पाच-सहा घेतात. इथे किमान वेळेचा नकाशा खोटा ठरतो. प्रत्येक पूल, जिना, भुयारी मार्ग आणि फाटकासाठी हा हिशेब करा. बहुतेक ठिकाणी चिंतेचं कारण निघणार नाही. ज्या एक-दोन जागी निघेल, तिथेच एजंट-बेस्ड मॉडेल करा.

त्यासाठी नेटलोगो किंवा मॅटसिम ही मोफत साधनं प्रचलित आहेत. इथे नेहमी होणाऱ्या चुका अशा:

- सगळे एजंट एकाच क्षणी निघतात. निघण्याची वेळ पसरवा. त्सुनामीच्या अभ्यासांत रेले वितरण वापरायची पद्धत आहे: थोडे लगेच, बहुतेक मधल्या काळात, काही फार उशिरा.
- एकदाच चालवून आकडा घेतला जातो. मॉडेलमध्ये यादृच्छिकता असते, त्यामुळे तेच मॉडेल अनेकदा चालवा आणि आकड्यांचा पल्ला सांगा.
- प्रत्येक एजंटला सर्वांत जवळची वाट ठाऊक असते. पाहुण्यांना ती नसते. काही एजंटांना फक्त मोठ्या रस्त्याने जाऊ द्या.
- वाहनं वगळली जातात. एप्रिल २०१२ च्या भूकंपानंतर बांदा आचेमध्ये लोक गाड्या घेऊन निघाले आणि रस्ते तुंबले. योजना पायी जाण्याची असली तरी रस्त्याची निम्मी रुंदी गाड्यांनी अडवलेली धरून एकदा मॉडेल चालवा.

## टप्पा ७: वाटा मोडून पाहा

ज्या भूकंपाने लाट येते त्यानेच पूल पडतात, कडे कोसळतात, मऊ जमीन चिखल होते. अखंड रस्त्यांवरचं मॉडेल ही फक्त चांगली बाजू झाली. एकेक पूल बंद करून पुन्हा चालवा आणि किती माणसं १५ मिनिटांच्या पलीकडे जातात ते नोंदवा. सगळे पूल एकदम बंद करण्यापेक्षा एकेक बंद केलेला बरा, कारण कोणता पूल आधी मजबूत करायचा ते त्यातून कळतं. डोंगरकुशीतल्या वाटा आणि भराव टाकलेली जमीन यांनाही हीच वागणूक द्या. रात्रीसाठी मूळ वेग कमी करून आणखी एकदा.

सावधान: काही वाटा आधी समुद्राकडे जातात आणि मग वळून चढतात. मॉडेलला त्यात काही गैर वाटत नाही, कारण त्याला फक्त वेळ कळतो. वाटेवरचा प्रत्येक बिंदू तिथे पाणी येण्याआधी पार होतो का, हे वेगळं तपासा. पाणी आणि माणूस त्याच दोन-तीन मिनिटांत एकाच जागी येत असतील तर ती वाट काढून टाका आणि पुढची घ्या, भले ती लांबची असो.

## टप्पा ८: चालून पाहा

हा टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो. प्रत्येक वस्तीतून एक वाट तरी जीपीएस चालू ठेवून चाला, तरुण सहकाऱ्याबरोबर एकदा आणि गावातल्या एखाद्या सत्तरीतल्या माणसाबरोबर एकदा, त्यांची तब्येत सांभाळून. मॉडेलचा आकडा त्या दुसऱ्या चालण्याशी ताडून पाहा.

चालताना वहीत टिपायच्या गोष्टी अशा असतात: पायऱ्यांना कठडा आहे का, फाटकाला कुलूप असतं का आणि किल्ली कोणाकडे, गटारावरची फरशी तुटली आहे का, पायवाट पावसाळ्यात गवताने झाकते का, चढावर लोक कुठे टेकतात. शाळेच्या मागची वाट नकाशावर ठळक असते आणि प्रत्यक्षात तिच्यावर कोणीतरी तारेचं कुंपण घातलेलं असतं. कोणत्याही रास्टरमध्ये ही तार दिसत नाही. तिथल्या लोकांना विचारलं की पाच मिनिटांत कळते, आणि मॉडेलमध्ये नसलेली एखादी चोरवाटही तेच दाखवतात. दोन्ही गोष्टी तिसऱ्या टप्प्यातल्या लेअरमध्ये घाला आणि गणित पुन्हा चालवा.

## टप्पा ९: नकाशा लोकांना वाचता येईल असा द्या

'९.७ मिनिटं' असं छापू नका. तितकी अचूकता मॉडेलमध्ये नाही. पाच-पाच मिनिटांचे पट्टे पुरेत. त्याहून चांगली पद्धत अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या भूगर्भ खात्याची: त्यांच्या 'बीट द वेव्ह' नकाशांवर रस्त्याला लागणाऱ्या वेळेचा नव्हे, तर लाटेआधी पोहोचण्यासाठी लागणाऱ्या वेगाचा रंग असतो. इथून सावकाश चाललं तरी चालेल, इथून भराभर चालावं लागेल, इथून धावावं लागेल. आपल्या आजीला ते जमेल का, हे घरातला माणूस लगेच ओळखतो.

नकाशावर दिशेचे बाण, ठळक खुणा आणि गृहीत धरलेली निघण्याची वेळ असायलाच हवी. 'हादरे थांबल्यावर ७ मिनिटांत घराबाहेर पडल्यास' हे वाक्य शीर्षकाखाली मोठ्या अक्षरात छापा, तळटीपेत नको. ज्या भागातून धावूनही पोहोचता येत नाही, तो भाग फिकट करून लपवू नका. तिथे उंच इमारत, नवी पायवाट किंवा जिना हवा आहे, आणि ती मागणी लावून धरायला लोकांच्या हातात हाच कागद असणार आहे. प्रस्तावित जिना किंवा इमारत मॉडेलमध्ये घालून आलेख पुन्हा काढा आणि दोन्ही वक्र शेजारी शेजारी द्या. किती माणसं रेघेच्या डावीकडे आली, हे त्यातून थेट दिसतं.

कोपऱ्यात तारीख आणि वापरलेल्या डेटाचं वर्ष लिहा. नवा पूल, नवी भिंत, बंद झालेली वाट किंवा सुधारलेला बुडीत पट्टा, यापैकी काहीही झालं की टप्पा २ पासून पुन्हा सुरुवात करायची आणि जुना नकाशा भिंतीवरून उतरवायचा.